नाताळची चांदणी, गोठा आणि इवलासा फराळ: तीन छंद एकाच सुट्टीत पुरे कसे करायचे

जानेवारी उजाडला की बऱ्याच घरांत एकच चित्र दिसतं. कामट्यांची चांदणी कागदाविना गॅलरीत टेकलेली, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या भिंती धनुष्यासारख्या वाकलेल्या आणि खेळण्यातला इवलासा फराळ वळायला हौसेनं केलेली क्ले, म्हणजे मळून आकार द्यायचा लगदा, डब्यात दगड झालेली. हातात कसब असतं, सामानही आणलेलं असतं. चुकतो तो क्रम. या तिन्ही कामांत हात चालतो तासभर आणि वाळायला लागतो अख्खा दिवस. फेव्हिकॉल अर्ध्या तासात धरल्यासारखा वाटतो, पण पुरता घट्ट व्हायला चोवीस तास घेतो. म्हणून रोज बसताना आधी एकच गोष्ट ठरवा: आज झोपण्यापूर्वी काय वाळत ठेवायचं? उरलेलं काम त्याच्या अवतीभवती बसतं.

तीनच कामं घ्या. चौथं घेतलं की टेबल भरतं, वाळत ठेवायला जागा उरत नाही आणि ओल्या वस्तू एकमेकींना चिकटतात.

## टप्पा १: प्रमाण आधी, खरेदी नंतर

गोठ्यात ठेवायच्या मूर्ती घरात असतील तर त्या बाहेर काढा, नसतील तर पहिल्यांदा त्याच आणा. गोठा बांधून मग मूर्ती आणल्या तर योसेफाचं, म्हणजे मरियेच्या पतीचं, डोकं आढ्याला टेकतं किंवा सगळी मंडळी मोठ्या गोदामात हरवल्यासारखी दिसतात.

उभ्या योसेफाची उंची पट्टीनं मोजा, बैठक सोडून. समजा ती १० सेंमी आहे. खरा माणूस १६५ सेंमीचा धरला तर प्रमाण झालं १:१६.५. मग बाकीची मापं अशी:

- दाराची चौकट: मूर्तीच्या उंचीच्या सव्वापट, म्हणजे १२ ते १२.५ सेंमी
- गाय, खांद्याशी: ८ सेंमी
- गव्हाण: ५ सेंमी लांब, ३ रुंद, ३ उंच
- बाळ येशू: ३ सेंमी

बाजारातल्या संचात बाळ बहुतेक वेळा प्रमाणापेक्षा मोठं असतं. त्याला बदलू नका. बाळाच्या लांबी-रुंदीत एकेक सेंमी मिळवून गव्हाण तेवढी करा, डोळ्याला खटकत नाही.

फराळाचं ताट मात्र १:१२ प्रमाणात करा, म्हणजे खऱ्या १२ सेंमीचा १ सेंमी. त्याहून बारीक करंजी बोटांत धरताच येत नाही. प्रमाणं वेगळी असल्यामुळे हे ताट गोठ्यात ठेवायचं नाही. त्याची मांडणी वेगळी, फळीवर किंवा काचेच्या बरणीत.

सामान, एकाच फेरीत आणायचं:

- ६२ सेंमी लांबीच्या १२ कामट्या (दोन जादा), ५-६ मिमी रुंद, २-३ मिमी जाड. बुरुडाकडे माप सांगितलं की तासून मिळतात
- पतंगाचा कागद ८ ताव, जाड दोरा
- ३ मिमी जाड पुठ्ठा, मोठे दोन ताव, तळासाठी खोक्याचा पुठ्ठा, खाकी कागद
- सुतळीचा एक गुंडा, खराट्याचे मूठभर हीर, चाळलेली लाल माती
- अर्धा किलो फेव्हिकॉल, मैदा, तुरटी, पांढरा कॉर्नफ्लोअर, लिंबू, बेबी ऑइल, कोल्ड क्रीम
- पोस्टर रंग, पांढरा अॅक्रिलिक, विटकरी आणि तपकिरी कोरडे पेस्टल खडू
- कटर आणि नवी पाती, स्टीलची पट्टी, गुण्या (काटकोन तपासायला), चिमटा, बारीक दातांची फणी, टूथपिक

थर्माकोल यादीत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. शिवाय त्यावर स्प्रे रंग मारला किंवा रबरी गोंद लावला तर त्यातल्या द्रावकानं थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. पुठ्ठा सरळ कापला जातो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

तारखा. सुट्टी लागते तेव्हा नाताळ दारात आलेला असतो, म्हणून चांदणी आणि गोठा सुट्टीच्या आधीच्या संध्याकाळी उरकायचे आणि क्लेकाम खऱ्या सुट्टीत.

- १७ डिसेंबर: कामट्या भिजवून सांगाडा बांधणे (रात्री वाळेल)
- १८: पुठ्ठा कापून दोन्ही बाजूंनी लेप, आळीव पेरणे
- १९: चांदणीला कागद, गोठ्याच्या भिंती उभ्या करणे
- २० आणि २१: मातीचे दोन हात, छप्पर
- २२: क्ले शिजवणे, खाकी कागदाचे खडक रंगवणे
- २३: दिवे, मांडणी
- २४ ची रात्र: बाळ गव्हाणीत
- २६ ते ३१: फराळ
- ६ जानेवारी: बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण, मग आवराआवर

## टप्पा २: चांदणीचा सांगाडा

आकाशकंदील करणाऱ्या हातांना कामट्या नव्या नाहीत, पण पाच टोकांची चांदणी षटकोनी कंदिलापेक्षा हट्टी असते. एक कामटी अर्धा सेंमी चुकली की पाचही टोकं वाकडी होतात.

१. भिजवणे. कामट्या चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी कामटी ताणताना तडकते, तीही बहुधा पेरापाशी.

२. खुणा. चांदणीत कामट्या एकमेकींना ठरावीक जागीच छेदतात: टोकापासून लांबीच्या ०.३८२ पटीवर. ६२ सेंमीच्या कामटीत दोन्ही टोकांना १ सेंमी बांधणीसाठी सोडलं की कामाची लांबी उरते ६०. म्हणून प्रत्येक कामटीवर एकाच टोकापासून मोजून चार खुणा करा: १, २३.९, ३८.१ आणि ६१ सेंमी. दहाही कामट्यांवर आधी खुणा, मग बांधणी. मधल्या खुणेवर पेर येत असेल तर ती कामटी बाजूला टाका, म्हणूनच दोन जादा घ्यायच्या.

दुसऱ्या मापाची चांदणी हवी असेल तर कामाच्या लांबीला ०.३८२ नं गुणा. ४५ सेंमीला ती खूण १७.२ सेंमीवर येते.

३. एक चांदणी. पाच कामट्या जमिनीवर मांडा. हात न उचलता चांदणी काढतो त्या क्रमानं टोकाला टोक लावत जा. आतल्या छेदांवर कामटी एकदा वरून, एकदा खालून विणत न्या. सगळ्या वरून गेल्या तर एक कोपरा कायमचा उचललेला राहतो. बाहेरची पाच टोकं आधी सैल बांधा, मग आतल्या खुणा जुळवून तिथे बांधा आणि शेवटी सगळ्या गाठी आवळा.

तपासा: शेजारच्या दोन टोकांमधलं अंतर पाचही ठिकाणी ३७ सेंमी आणि आतल्या पंचकोनाची प्रत्येक बाजू १४.२ सेंमी आली पाहिजे. पाच मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आत्ताच गाठ सोडा. कागद लावल्यावर हा दोष झाकत नाही, उलट सुरकुती होऊन उठून दिसतो.

४. फुगवणे. अशीच दुसरी चांदणी करा. दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं घट्ट बांधा. आता आतल्या पाच छेदांमध्ये १० सेंमीच्या पाच आडकाड्या उभ्या घालायच्या. काडीच्या दोन्ही डोक्यांना छोटी खाच पाडा, म्हणजे ती घसरत नाही. ओळीनं शेजारी-शेजारी घालत गेलात तर शेवटच्या काडीच्या वेळी सगळा ताण एकाच कोपऱ्यावर येतो. एक सोडून एक घाला. कामट्या ओलसर असतानाच हे काम संपवा आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी बाक पक्का बसलेला असतो.

## टप्पा ३: कागद आणि दिवा

खळ घरीच करा. दोन मोठे चमचे मैदा पाव वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, पाऊण वाटी उकळत्या पाण्यात ओता, दोन-तीन मिनिटं ढवळत पारदर्शक होऊ द्या, उतरवताना चिमूटभर तुरटी घाला. पतंगाच्या कागदाला फेव्हिकॉलपेक्षा खळ बरी. फेव्हिकॉल वाळला की कडेला कडक पट्टी उमटते आणि दिवा लागल्यावर ती काळी दिसते.

एका चांदणीला १७ तुकडे लागतात. पुढचे-मागचे १० त्रिकोण (बाजू २३, २३ आणि १४ सेंमी), दोन टोकांमधल्या खाचेचे ५ पतंगाकृती तुकडे आणि २ पंचकोन. प्रत्येकाला दीड सेंमी कड सोडा. ही मापं कच्ची कापणी करायला आहेत. अंतिम माप सांगाड्यावर कागद धरूनच घ्या, कारण फुगवल्यावर कामट्या थोड्या सरकलेल्या असतात.

लावायचा क्रम: आधी खाचेचे पाच तुकडे, मग मागचे त्रिकोण, मग पुढचे, शेवटी पुढचा पंचकोन. मागचा पंचकोन एकाच बाजूनं चिकटवा आणि झाकणासारखा उघडा ठेवा, दिव्यासाठी हात तिथूनच जातो. खळ नेहमी कामटीला लावा. कागदाला लावली तर तो भिजून हातातच फाटतो.

वाळल्यावर कागद थोडा ढिला वाटला तर दोन हातांवरून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. ओला कागद वाळताना आक्रसतो आणि ताणून बसतो. स्वस्त कागदाचा रंग मात्र ओघळतो, म्हणून आधी कागदाच्या एका कपट्यावर फवारून बघा.

सावधान: चांदणीच्या पोटात जागा फक्त १० सेंमी आहे. तारेचा जुना बल्ब इथे चालणार नाही, कागद करपतो. अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी बल्ब मधोमध टांगा किंवा एलईडीची माळ आतल्या आडकाड्यांवर गुंडाळा. वायरचा भार होल्डरवर न पडता आतल्या कामटीवर पडेल अशी गाठ मारा. अडॅप्टर घरात, चांदणी बाहेर.

कोकणात डिसेंबरच्या रात्री दव पडतं. उघड्यावर टांगलेल्या चांदणीचा कागद रात्री सैल पडतो, उन्हात ताणतो आणि चार दिवसांत कडेपासून सुटतो. पागोळीच्या आत, निदान हातभर आत टांगा.

## टप्पा ४: आळिवाची हिरवळ

दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव पेरतात तसाच इथेही. गहू लवकर वाढतो, पण त्याची पात रुंद असते आणि १० सेंमीच्या मूर्तीपुढे उसाचा मळा वाटतो. नाचणीची पात नाजूक असते, ती हवी तर आठ-दहा दिवस आधी पेरा.

डब्याच्या झाकणासारख्या उथळ ताटल्या घ्या, तळाला ओला कापूस. १५ बाय १५ सेंमीला एक छोटा चमचा आळीव पुरतो. तो भिजवू नका, भिजवलेल्या आळिवाला चिकट लेप सुटून गोळे होतात. कोरडाच भुरभुरा, वर फवारा, दोन दिवस ओल्या फडक्याखाली, मग उजेडात. पुठ्ठ्याच्या तळावर थेट पेरलं तर तळ फुगून गोठा कलतो, म्हणून ताटल्या वेगळ्याच राहू द्या.

तिसऱ्या दिवशी मुळांपाशी पांढरी लव दिसते आणि बुरशी समजून बरेच जण सगळं फेकून देतात. पाणी फवारा. लव बसली, दिसेनाशी झाली तर ते मुळांचे केस आहेत. तशीच राहिली आणि कुबट वास आला तर बुरशी.

## टप्पा ५: गोठा

१. कापणी. १० सेंमीच्या मूर्तींसाठी ३० बाय २० सेंमीचा गोठा पुरतो. समोरची लांब बाजू उघडी. दोन बाजूभिंती: २० सेंमी रुंद, कडेला १३ सेंमी उंच, मधोमध टोक २० सेंमी. मागची भिंत १३ सेंमी उंच, रुंदी २९.४ सेंमी. ३० नाही, कारण ती दोन भिंतींच्या मध्ये बसते आणि प्रत्येक भिंत ३ मिमी जागा खाते. ही सहा मिमीची चूक हमखास होते, मग गोठा वरून बघताना चौकोनाऐवजी पत्रावळीसारखा पसरतो. छपराचे दोन पाखे प्रत्येकी ३४ बाय १४.५ सेंमी. त्यात बाहेर डोकावणारी दोन-दोन सेंमीची पागोळी धरलेली आहे.

कटर एकदाच जोरात दाबू नका. हलक्या हातानं तीन-चार वेळा चालवा. पातं बोथट झालं की पुठ्ठ्याची कड फुलते, तेव्हा टोक मोडून पुढे सरकवा.

२. दोन्ही बाजूंनी लेप. फेव्हिकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही अंगांना एकाच बैठकीत लावा. ही पायरी गाळली जाते आणि भिंती वाकण्याचं कारण तेच असतं. एका बाजूनं ओला झालेला पुठ्ठा त्या बाजूला फुगतो, वाळताना तीच बाजू आक्रसते आणि भिंतीला ओढून घेते. दोन्ही बाजू ओल्या केल्या की ओढ सारखी होते. हाताला चिकटेनासा झाला की प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा, रात्रभर.

तळासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचे ४५ बाय ३५ सेंमीचे दोन तुकडे घ्या. एकाच्या आतल्या नळ्या आडव्या, दुसऱ्याच्या उभ्या, असे एकमेकांवर चिकटवा. मग तो कुठेच वाकत नाही.

३. उभारणी. आधी मागची भिंत आणि एक बाजू, गुण्या लावून. आतल्या कोपऱ्यात दीड सेंमीचे त्रिकोणी तुकडे ठोकळ्यासारखे चिकटवा. तासाभरानं दुसरी बाजू. समोरचे दोन खांब आणि वरची तुळई खराट्याच्या हिरांची जुडी बांधून करा. पाच-सहा हीर दोऱ्यानं आवळले की लाकडी वासा वाटतो.

तपासा: योसेफाची मूर्ती आत उभी करून बघा. डोक्यावर निदान दोन बोटं जागा हवी. गोठा जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर ठेवणार असाल तर तुमच्या उभ्या नजरेला पुढचा पाखा सगळं झाकेल. तसं असेल तर पुढचा पाखा आढ्यापासून ६ सेंमीचाच ठेवा.

४. माती. दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी आणि चटणीइतकं घट्ट होईपर्यंत चाळलेली लाल माती. एक मिमीचा थर बोटानं सारवा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. एकदम जाड थर दिला तर भेगा पडतात. एखाद-दुसरी भेग शोभते, पण पोपडे सुटायला लागले तर थर जाड झाला असं समजा.

५. छप्पर. सुतळीचे ४ सेंमीचे तुकडे कापून पीळ उलगडा, काडीकाडी झालेला तो झुपका म्हणजे तुमचा पेंढा. पहिली ओळ खाली पागोळीला, मग वर वर चढत. खऱ्या शाकारणीत पाणी वरच्या पेंढीवरून खालच्या पेंढीवर उतरतं, तोच क्रम इथे. वरून सुरुवात केली तर प्रत्येक ओळीचं चिकटवलेलं डोकं उघडं दिसतं. दर १.३ सेंमीला एक ओळ धरली तर एका पाख्याला अकरा ओळी होतात. आढ्यावर शेवटी आडवा झुपका. कडेची कात्री वाळल्यावरच चालवा, ओला ताग दबतो आणि नंतर उसवून लांब-आखूड होतो. पातळ तपकिरी रंगाचा एक हात दिला की सुतळीचा पिवळेपणा जातो.

पाखे भिंतींना चिकटवू नका, नुसते टेकवा. दिव्याची वायर अजून जायची आहे.

६. खडक. खाकी कागद चुरगाळा, उलगडा, स्पंजनं पातळ करडा, तपकिरी आणि थोडा हिरवा रंग टिपा, वाळू द्या. मग पुन्हा चुरगाळून हव्या त्या उंचीला बसवा. आधी बसवून मग रंगवलं तर घड्यांच्या आत कोरे पट्टे राहतात आणि ओल्या रंगानं खडक खाली बसतो.

७. दिवे. एक उबदार रंगाचा एलईडी तुळईच्या मागे, समोरून न दिसेल असा. तो गव्हाणीवर पडू द्या, बाकी गोठा अंधारलेलाच शोभतो. सुतळी, कागद, पेंढा असताना मेणबत्ती अजिबात नको. बटण सेलवर चालणारे दिवे असतील तर सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारं घ्या. लहान मुलानं बटण सेल गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजते. शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठा. आळिवाच्या ताटल्यांना पाणी घालताना दिवे बंद ठेवा आणि वायर ताटल्यांच्या मागून न्या.

तीन राजे पहिल्याच दिवशी गव्हाणीपाशी उभे करू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर किंवा खिडकीत ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा. ६ जानेवारीला ते पोचतात. मुलं सकाळी उठून आधी तेच बघतात.

## टप्पा ६: क्ले शिजवणे

अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, अर्धी वाटी फेव्हिकॉल, एक मोठा चमचा लिंबाचा गाळलेला रस, एक मोठा चमचा बेबी ऑइल, अर्धा छोटा चमचा पांढरा अॅक्रिलिक. कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा मऊ स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ नाही, त्याची क्ले रवाळ होते. पांढरा रंग गाळू नका, नाहीतर वाळल्यावर क्ले मेणासारखी पारदर्शक दिसते.

नॉनस्टिक भांड्यात सगळं गार असतानाच गुठळ्या मोडून एकजीव करा, मग मंद आचेवर सतत ढवळा. आधी दह्यासारखं, मग रबडीसारखं, मग कडा सोडून चमच्याभोवती गोळा होतं. गोळा झाला पण हाताला अजून किंचित चिकटतोय, तेव्हाच उतरवा. कच्ची राहिली तर पुन्हा गरम करता येते. जास्त शिजलेली क्ले वळताना चिरते आणि तिला उपाय नाही. हातांना कोल्ड क्रीम लावून गरम असतानाच मळा, प्लास्टिकमध्ये हवा न ठेवता गुंडाळा आणि चोवीस तास विसरून जा.

सावधान: हे भांडं आणि चमचा पुन्हा स्वयंपाकात वापरू नका. त्यावर नाव लिहून छंदाच्या खोक्यात ठेवा.

तपासा: दुसऱ्या दिवशी लिंबाएवढा तुकडा ओढा. ताणून बारीक शेपूट होऊन तुटला तर क्ले जमली. कचकन तुटला तर थोडं क्रीम लावून पाच मिनिटं मळा.

## टप्पा ७: ताटभर फराळ

दोन गोष्टी आधीच मनात धरा. क्ले वाळताना आक्रसते, साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त. आणि रंग गडद होतो. हवा त्यापेक्षा दोन छटा फिका रंग मळा. सगळ्या गोळ्याला एकदम रंग देऊ नका. हरभऱ्याएवढा तुकडा घ्या, सुईच्या टोकानं रंग, उरलेली क्ले प्लास्टिकमध्ये बंद. पंखा बंद ठेवा.

ताट म्हणून कोटाचं २५ मिमीचं बटण चालतं. ते खऱ्या ३० सेंमीच्या ताटाबरोबर बसतं.

कुलकुल, नाताळातला तळलेला गोड पदार्थ. फिक्या बदामी क्लेची मोहरीच्या दाण्याएवढी गोळी. ती बारीक दातांच्या फणीच्या पाठीवर, दातांच्या मुळाशी, बोटानं दाबून चपटी करा. फणीला आधी क्रीमचा हात लावा. मग टूथपिकच्या टोकानं एका कडेपासून गुंडाळत आणा. खऱ्या कुलकुलाला फणीवर करतात तेच, फक्त बाराव्या हिश्शात. रेघा बाहेरच्या बाजूला आल्या पाहिजेत. चुकतं ते इथे: गोळी मोठी घेतली जाते. ५ मिमीचं कुलकुल म्हणजे खऱ्या मापात ६ सेंमीचं, केळ्याच्या चकतीऐवजी अख्खं केळं. वाळल्यावर विटकरी खडू पातीनं खरवडून त्याची पूड कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवरच फिरवा. खाचा फिक्या राहिल्या की तळल्यासारखा रंग दिसतो.

करंजी. गोव्यात हिलाच नेवरी म्हणतात. पाऊण मिमी जाड पोळी लाटा, पेनाच्या टोपणानं ८-९ मिमीची चकती पाडा. मध्ये तिळाएवढी गोळी ठेवून घडी घाला. सारण न घालता नुसती घडी घातली तर पोट येत नाही आणि ती करंजी न वाटता दुमडलेला कागद वाटते. मुरड सुईच्या टोकानं, एकाआड एक दाब देत.

फळांचा केक. व्यास १७ मिमी, उंची ६ मिमी. आदल्या दिवशी लाल, हिरव्या, पिवळ्या क्लेचे धागे वाळवून त्यांचा अर्ध्या मिमीचा चुरा करा आणि तो तपकिरी ओल्या क्लेत मळा. कापलेली फोड दाखवायची असेल तर पातं चालवू नका. कड थोडी कापून बाकीची तोडा, तुटलेल्या बाजूला केकचा भुसभुशीतपणा आपोआप येतो. बाहेरून जुन्या टूथब्रशनं टोचा.

बेबिंका, गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ. हिचे पापुद्रे एकेक लाटून रचायला जाऊ नका, खऱ्या मापात ती ४ सेंमी उंच म्हणजे इथे साडेतीन मिमी, आणि त्यात सात थर. उलट करा. गडद चार आणि फिके तीन, असे सात थर प्रत्येकी २ मिमी जाडीचे, ताजे असतानाच एकावर एक ठेवा. १४ मिमी उंच, १४ मिमी रुंद, १० मिमी लांब असा ठोकळा झाला. आता चारही बाजूंनी आळीपाळीनं हलकं दाबत तो लांबीला वाढवत न्या. उंची-रुंदी साडेतीन मिमीवर आली की लांबी सोळापट, म्हणजे १६ सेंमी होते आणि सातही थर त्याच प्रमाणात बारीक होतात. एकाच बाजूनं दाबलं तर थर तिरके पळतात. दोन्ही टोकांची दोन-दोन सेंमी वेडीवाकडी निघतात, ती सोडून द्या. लगेच कापू नका, ओले थर पात्याबरोबर ओढले जातात. तीन-चार तासांनी, नव्या पात्यानं, वरून सरळ खाली दाबून दोन मिमीच्या फोडी करा.

सगळं दोन ते तीन दिवस सावलीत वाळू द्या, रोज एकदा उलटं करत. उन्हात ठेवलं तर बाहेरून कडक आणि आत ओलं राहून चिरा पडतात. पूर्ण वाळल्यावरच बेबिंकेवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात द्या. दमट असताना दिला तर आतली ओल अडकून पांढुरके डाग येतात.

सावधान: हे पदार्थ फारच खरे दिसतात. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर ताट काचेच्या झाकणाखालीच ठेवा.

## टप्पा ८: ६ जानेवारीनंतर

आळिवाच्या ताटल्या आधी काढा, कुंडीत रिकाम्या करा आणि तळ एक दिवस उन्हात टाका. ओला तळ खोक्यात गेला की वर्षभरात वाळवी किंवा कसर लागते. छपराचे पाखे सुटे असल्यामुळे ते काढून वेगळे ठेवता येतात, मूर्ती जुन्या सुती कपड्यात. चांदणीचा कागद उतरवून टाका, सांगाडा तसाच टांगून ठेवा. पुढच्या वर्षी फक्त गाठी तपासून १७ तुकडे लावायचे. क्लेचे पदार्थ तांदळाची पुरचुंडी टाकून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि खोक्यावर दोन आकडे लिहा: गोठा १:१६.५, फराळ १:१२.